मागीलप्रमाणे

या, जवळ या. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही थोडं पुढे सरकावं, आवाज चढवून सांगायची ही गोष्ट नाही. हिच्यात राजा नाही, चमत्कार नाही. पालिकेच्या कचेरीत टेबलामागे बसणारा एक माणूस आहे, आणि खरं विचाराल तर गोष्ट त्याचीही नाही. जिची आहे ती मध्येच कुठेतरी भेटेल, तीही क्षणभरच. तेवढ्यासाठी चित्त जागं ठेवा. बाकीचं माझ्याकडे लागलं, आणि माझ्याकडून जो बोलवून घेतो त्याच्याकडे.

तर हा माणूस दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत उताणा पडला होता. डावा गाल बधिर झालेला. बोटाने चाचपून पाहिलं तर बोटाला गाल लागत होता, गालाला बोट लागत नव्हतं. दुसऱ्याच कुणाच्या तोंडाला हात लावल्यासारखं वाटून त्याने हात मांडीवर ठेवून दिला. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर होता आणि खुर्ची खिडकीकडे तोंड करून. रस्त्यापलीकडे जुनं बाळंतिणींचं रुग्णालय. पिवळट दगडाच्या तीन इमारती, मध्ये चौक. त्या इमारती त्याला पाठ होत्या: भिंतींची जाडी, खिडक्यांची संख्या, कुठल्या कमानीला तडा आहे ते. पण आजवर त्याने त्या खालूनच पाहिल्या होत्या, समोरच्या फुटपाथवर उभं राहून, मान वर करून. खालून तिसरा मजला छज्ज्याआड जातो. आज तो मजला नाकासमोर आला, आणि शेवटच्या खिडकीच्या गजांना दोन टोकं बांधलेलं एक लहानसं पांढरं फडकं दिसलं. असेल वर्षानुवर्षांचं अडकलेलं, असं तो मनाशी म्हणतोय तोच फडक्याच्या खालच्या टोकाला उन्हात काहीतरी चमकलं, लांबलं आणि सुटलं. थेंब होता. त्या थेंबाने घात केला. कोरडं फडकं कुणाचंही असू शकतं, वाऱ्याचंही; ओल्या फडक्याला पिळणारे हात लागतात. तो काहीतरी म्हणायला गेला. तोंडातून नुसती फेसाळ बडबड आली. "बोलू नका हो, जीभ चावाल," डॉक्टर म्हणाला, "तुमचं ऐकायला मला वेळच वेळ आहे, आधी हा दात होऊ दे."

आता या माणसाला त्या फडक्याचा एवढा धसका का, ते सांगायला हवं. पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात तो जुन्या इमारतींची पाहणी करायचा. पाहणीच्या अहवालात बत्तीस रकाने असतात. जुनी इमारत म्हणजे काही वाढतं पोर नव्हे, दोन वर्षांत तिची उंची बदलत नाही. म्हणून दुसऱ्यांदा तीच इमारत आली की बहुतेक रकान्यांत तो 'मागीलप्रमाणे' एवढंच लिहायचा. अक्षर सुरेख. कचेरीत त्याचं नावच ते पडलं होतं. शेजारच्या टेबलावरचा नकाशेवाला रोज डबा उघडताना विचारायचा, "काय मागीलप्रमाणे, आज भाजी?" आणि तोही हसून "मागीलप्रमाणे" म्हणायचा, कारण खरोखरच तशीच असायची. त्या रुग्णालयाच्या तीन इमारती एका कंपनीने हॉटेल करायला घेतल्या त्याला सहा वर्षं झाली होती. पालिकेची मंजुरी दोन वर्षांची. काम रखडलं, दोनदा मुदतवाढ झाली, आता तिसरी मागितली होती आणि गुरुवारी समितीपुढे सुनावणी होती. एकोणिसावा रकाना असा: 'इमारतीत कोणाचे वास्तव्य आहे काय?' सहा वर्षांपूर्वी त्याने तिथे 'नाही' लिहिलं होतं. नंतर दोनदा 'मागीलप्रमाणे'. या वेळचा अहवालही लिहून तयार होता, टेबलाच्या खणात, फक्त सही राहिली होती. आणि वर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं.

कचेरीत परतल्यावर त्याने तिन्ही अहवाल काढून शेजारी शेजारी ठेवले. बधिरपणा उतरू लागला होता आणि गालात मुंग्या येत होत्या. तिन्ही ठिकाणी त्याचंच अक्षर. जिन्याच्या रकान्यात सहा वर्षांपूर्वी त्याने लिहिलं होतं: 'पहिल्या मजल्याच्या पुढे जिना धोकादायक, सबब वरील मजल्यांची पाहणी बाहेरून केली.' वाक्य कसं कचेरीच्या शिस्तीतलं, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. पण जिना धोकादायक आहे हे त्याला कोणी सांगितलं होतं? पायरी हलली होती? कठडा निसटला होता? त्याने आठवून पाहिलं. आठवलं ते एवढंच की पहिल्या मजल्याच्या वळणावर तो उभा राहिला होता, हातात मोजायची फीत होती, आणि वरून येणारा थंड दगडाचा वास नाकात गेल्यावर त्याने फीत गुंडाळली होती. पायरी हललीच नव्हती. पायरीवर त्याने पाऊलच ठेवलं नव्हतं. सहा वर्षांचा असताना त्याच वळणावर त्याला बसवलं होतं. आई वर होती. त्याच्या पायात नवे बूट होते, डावा चावत होता. तेव्हा तिथे वास असायचा तो उकळत्या कपड्यांचा आणि साबणाचा. भात शिजताना यावी तशी दाट, पांढरी वाफ जिन्यावरून खाली उतरायची. ओल्या हातांची एक बाई येऊन त्याच्या बुटाचा बंद सैल करून गेली होती. तिच्या हातांची ऊब मोज्यातून आत गेली होती, ती त्याला या क्षणीही जाणवली, बधिर गालापेक्षा स्पष्ट. मग वडील खाली आले. त्यांच्या हातात पांढऱ्या कापडात काहीतरी होतं, ब्रेडच्या लादीएवढं. "इथेच बस," ते म्हणाले आणि मागच्या दाराने गेले. आले तेव्हा हात मोकळे होते. काही दिवसांनी आई घरी आली. जेवताना त्याने एकदाच विचारलं, "बाळ कुठंय?" वडील म्हणाले, "जेव." एक्कावन्न वर्षं झाली त्याला. तो जेवला. अजून जेवतोच आहे.

संध्याकाळी त्याने ताईला फोन केला. ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी, दुसऱ्या शहरात, आणि फोन उचलल्यावर पहिलं वाक्य नेहमी टोमण्याचं. "दात काढला की अक्कल?" त्याने विचारलं, आईला नेलं होतं ते बाळंतिणींचं रुग्णालय तुला आठवतं का. "न आठवायला काय झालं? बहीण आणायला चाललोय म्हणून गल्लीभर सांगत फिरला होतास. मला म्हणालास, तू जुनी झालीस." तो हसला, मग म्हणाला, "बहीणच होती का गं?" पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. "कुणास ठाऊक. आईने सांगितलं नाही. आणि आपल्याकडे विचारायची पद्धत कुठे होती?" मग तिनेच विचारलं, "आज हे कुठून काढलंस?" तो म्हणाला, "काही नाही, एक जिना चढायचाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. फाटकावरचा राखणदार त्याला सहा वर्षं ओळखत होता. खुर्ची पुढे करायची आणि सावलीत ठेवायची हे त्याला पाठ झालं होतं. "वर कुणी राहतं का?" याने विचारलं. "त्या होय?" राखणदार म्हणाला, "राहतात की. माझ्या आधीपासून आहेत. गच्चीच्या टाकीत पाणी मीच सोडतो त्यांच्यासाठी." "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" राखणदाराने निरागसपणे त्याच्याकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही यायचात, खिडक्या मोजायचात. मला वाटलं खिडक्यांचंच खातं असेल." तो जिन्यापाशी आला. पहिला मजला. वळण. ज्या पायरीवर बसवलं होतं ती मध्यभागी झिजून बशीसारखी खोलगट झाली होती. किती बापांनी किती पोरांना इथे बसवलं असेल, असा विचार त्याच्या मनात आला आणि पहिल्यांदाच आपण एकटे नसल्यासारखं वाटलं. त्याने वरच्या पायरीवर पाय ठेवला. ती हलली नाही. त्यापुढची हलली नाही. चाळीस पायऱ्यांत एकही हलली नाही, आणि प्रत्येक न हलणाऱ्या पायरीबरोबर त्याच्या अहवालातलं ते शिस्तशीर वाक्य थोडं थोडं खोटं होत गेलं.

शेवटच्या खोलीचं दार उघडं होतं. आत भिंतभर लाकडी फळ्या आणि फळ्यांवर घड्या: मोठ्या चादरी, उशांचे अभ्रे, बाळांच्या लहान पांढऱ्या चादरी. कडेला कडा जुळलेल्या, एकही धागा बाहेर नाही. खोलीला उन्हाचा आणि साबणाचा वास होता. खिडकीशी सत्तरीची एक ठेंगणी बाई चादरीचं टोक दातात धरून घडी घालत होती. त्याला पाहून तिने टोक सोडलं आणि म्हणाली, "आलात? चार्ज घ्यायला आलात ना?"

"नाही," तो म्हणाला. "मी पाहणीला आलोय."

"मग बसा. पाहून घ्या." तिच्या आवाजात राग नव्हता, दुकानात सुटे नसल्याचं कळावं तेवढीच निराशा होती. मग हळूहळू उलगडलं ते असं. ती रुग्णालयाची कापडवाली. सगळे कपडे तिच्या ताब्यात. एकोणीस वर्षांपूर्वी रुग्णालय बंद झालं तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मेट्रननी सांगितलं, दोन दिवसांत माणूस येईल, त्याला एकेक नग मोजून द्यायचा, पावती घ्यायची आणि मग घरी जायचं. माणूस आला नाही. कागदावर म्हणे चार्ज देऊन झाला होता. खाली बसून कुणीतरी तो आधीच्या यादीवरून उतरवून घेतला होता. "मी दोनदा रुग्णालयाच्या मुख्य कचेरीत जाऊन आले," ती म्हणाली. "ते म्हणाले, बाई, कपडे तर आम्हाला मिळालेत. मी म्हटलं, मिळालेत तर माझ्याकडे हे काय आहे, पाऊस?" त्याला हसू आलं, ते अर्ध्यातच थांबलं. न चढता लिहिणारा तोही कुणीतरी होता. प्रत्येक खात्यात एक 'मागीलप्रमाणे' असतो.

"पण धुता कशाला?" त्याने विचारलं. "वापरतं कोण?"

"न धुवून कसं चालेल? घडीवर पिवळी रेघ पडते. रोज आठ काढते, धुते, पुन्हा ठेवते. वर्षातून तीनदा सगळ्यांना पाणी लागतं." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही इथलेच का? जन्माचे?"

तो हो म्हणाला. मग स्वतःच्याही नकळत बुटाच्या बंदाची गोष्ट सांगून टाकली आणि विचारलं, "तुम्हीच होतात का हो त्या?" बाईने मान हलवली. "मी नाही. मी नंतरची. ती माझी आत्या असेल, तिचे हात कायम ओले. माझे बघा, कोरडे ठणठणीत, मी पुसते." त्याला वाईट वाटलं, का कोण जाणे, तीच असावी असं त्याने धरून ठेवलं होतं. बाई मात्र उठली, खालच्या फळीवरून कापडात गुंडाळलेल्या तीन वह्या काढून तिने त्याच्यापुढे ठेवल्या. "आत्याच्या वेळची हवी तर ही. गेलेल्या चादरींची वही." गेलेल्या म्हणजे? "म्हणजे परत न आलेल्या. लहान चादर वॉर्डात गेली की धुवायला परत येते. काही येत नाहीत. ज्या बाळासोबत जातात त्या. तेवढ्या सोडून द्यायच्या, पण लिहून. नेणाऱ्याने सही करायची."

त्याने साल शोधलं. पानं कडक झाली होती, कडा बोटांना टोचत होत्या. नर्सच्या तिरक्या अक्षरात ओळीमागून ओळ: तारीख, खाटेचा क्रमांक, 'लहान चादर एक, सोबत गेली', सही. सही. सही. कुठे नुसता अंगठा. आणि मग मधल्याच एका ओळीत, कुठलीही चाहूल न देता, त्याच्या वडिलांची सही आली. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढून तिच्याखाली दोन टिंबं. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दर तिमाहीला पाहिलेली. हात थरथरला असावा असं काही तिच्यात नव्हतं. सही अगदी नेहमीसारखी होती, आणि ते पाहून त्याला आयुष्यात पहिल्यांदा बापाची दया आली. सहीच्या शेजारी पेन्सिलीने एक पाच पाकळ्यांचं फूल काढलेलं होतं, तांदळाएवढं. "हे काय?" त्याने विचारलं. स्वतःचा आवाज त्याला पुन्हा दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतल्यासारखा, दुसऱ्याच तोंडातून आल्यासारखा वाटला.

"आत्याला लिहिता येत नव्हतं," बाई म्हणाली. "पण ती म्हणायची, नुसती चादर काय लिहिता, आत कोण होतं त्याची खूण नको? मुलगा असला की ती पान काढायची. मुलगी असली की फूल."

त्याने त्या फुलाजवळ बोट टेकवलं. जन्माची नोंद नाही, मरणाची नाही, नाव नाही, घरात कुणाच्या तोंडी नाही. साऱ्या जगात तिच्या असण्याचा एवढाच पुरावा, आणि तो याने तीन वेळा रिकाम्या म्हणून लिहिलेल्या इमारतीत, कापडात गुंडाळून, कुणीतरी कोरड्या हातांनी जपलेला. बाईने खिडकीतलं फडकं काढलं, वाळलंय का ते गालाला लावून पाहिलं आणि घडी घालून त्याच्या शेजारी ठेवलं, पाहुण्यापुढे काहीतरी ठेवावं तसं.

बुधवारी त्याने विभागप्रमुख बाईंना सगळं सांगितलं, फूल सोडून. त्या कपाळाला हात लावून ऐकत होत्या. बाई वाईट नव्हत्या, उलट खात्यातल्या सगळ्यांत समजूतदार. "आता नीट ऐका," त्या म्हणाल्या. "तुम्ही खरं लिहिलंत की तुमचे तिन्ही अहवाल खोटे ठरतात. निवृत्तीला सात महिने राहिलेत तुमच्या. शिवाय वाद आहे म्हणून मुदतवाढ अडली तर मंजुरी बाद होईल. मंजुरी बाद झाली की तिच्यातली दर्शनी भाग जपायची अटही गेली, कंपनी उद्या पाडायची परवानगी मागेल. मग तुमची म्हातारीही नाही आणि इमारतही नाही. त्यापेक्षा एकोणिसाव्यात लिहा, 'अलीकडे एका व्यक्तीने शिरकाव केल्याचे दिसते.' तुम्ही सुटता, मंजुरी सुटते." "आणि त्या?" "त्यांना राखणदार आठ दिवसांत बाहेर काढेल. सन्मानाने काढायला सांगू." खाली उतरताना नकाशेवाल्याने गाठलं. "काय ठरलं, मागीलप्रमाणे?" तेवढ्यात कंपनीच्या आर्किटेक्ट मुलीचा फोन आला, लेकीच्या वयाची, लाघवी. "काका, अहवाल मागच्यासारखाच ना? म्हणजे आम्ही निर्धास्त." "तुम्ही कधी तिसऱ्या मजल्यावर गेला होता?" याने विचारलं. "छे हो काका! जिना धोकादायक आहे ना, तुमच्याच अहवालात आहे." आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून इतक्या विश्वासाने परत आलेलं ऐकणं, यासारखी शिक्षा नाही मंडळी. देव कुठल्या मोठ्या आवाजात बोलत नाही. तो आपलंच बोलणं आपल्याला ऐकवतो.

खणातला अहवाल त्याने फाडला आणि नवा लिहायला घेतला. बत्तीसच्या बत्तीस रकाने, एकातही तो शब्द नाही. भिंतींची जाडीसुद्धा पुन्हा लिहून काढली. जिना: 'सुस्थितीत. स्वतः चढून पाहिला.' एकोणिसावा रकाना अपुरा पडला, कागद जोडावा लागला. 'तिसऱ्या मजल्यावर रुग्णालयाच्या कापड विभागाच्या सेविका एकोणीस वर्षांपासून राहतात. त्यांनी शिरकाव केलेला नाही. त्यांचा चार्ज कोणी घेतलेला नाही. माझे मागील तिन्ही अहवाल मी वर न जाता लिहिले होते.' शेवटच्या वाक्यापाशी पेन थांबलं. गालातली ठणक आता पुरती जागी झाली होती. दुखतंय म्हणजे आपलाच आहे, असं वाटून त्याला बरं वाटलं. सही करताना त्याच्या लक्षात आलं की आपणही शेवटच्या अक्षराची शेपटी ओढतो. टिंबं नाही देत एवढंच.

गुरुवारच्या सुनावणीत अध्यक्षांनी ते वाक्य दोनदा वाचलं, चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हे तुम्हाला कोणी लिहायला लावलं?" "कोणी नाही." "मग कठीण आहे," अध्यक्ष म्हणाले, पण ते त्यांनी हसत म्हटलं की कसं, हे त्याला नंतरही ठरवता आलं नाही. मुदतवाढ मिळाली; दोन वर्षांची नाही, एका वर्षाची, आणि दोन अटींवर. त्या बाईंची राहण्याची सोय लेखी करायची आणि त्यांच्याकडचा चार्ज नग मोजून, पावती देऊन घ्यायचा. याच्या हातात खुलाशाची नोटीस पडली, पुढे चौकशी झाली आणि निवृत्तीच्या दिवशी त्याला निरोप समारंभ मिळाला नाही. नकाशेवाल्याने मात्र दोघांत एक डबा उघडला. भाजी वेगळी होती.

चार्जची मोजणी त्याआधीच झाली, तिला तो सुट्टी टाकून गेला, साक्षीदार म्हणून. आर्किटेक्ट मुलगी फरशीवर मांडी घालून बसली होती आणि कापडवाली एकेक चादर उलगडून, उजेडात धरून, मगच पुढे सरकवत होती. "आजी, घडीवरूनच मोजूया ना," मुलगी कळवळून म्हणाली. "घडीवरून मोजलं म्हणून तर एकोणीस वर्षं गेली गं बाई," म्हातारी म्हणाली. दोन दिवस लागले. शेवटी मुलीनेच विचारलं, हॉटेलातल्या चादरींकडे तुम्ही बघाल का. म्हातारीने विचार केला. "बघेन. पण झोपायच्या आधी पाय धुवा म्हणावं लोकांना." पावती हातात आल्यावर तिने ती वाचली नाही, कपाळाला लावली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले, लांबच्या प्रवासाहून आलेल्या माणसासारखे. वह्या पालिकेच्या दप्तरात गेल्या, कापडात गुंडाळूनच. आजही आहेत.

त्याने ताईला फोन केला तेव्हा तिचा टोमणा यायच्या आतच त्याने सांगून टाकलं, "बहीण होती." ताई म्हणाली, "तरी तू गल्लीत खरंच सांगत होतास." आणि नाक ओढून, नेहमीच्या आवाजात, "जेवलास का?" तो नाही म्हणाला. "मग जेव," ती म्हणाली. एक्कावन्न वर्षांनी त्या शब्दाला थोडं मीठ लागलं.

झालं. ही गोष्ट. आता एवढं ऐकलंत तर जाता जाता माझं एक मागणं पदरात घ्या. पुढेमागे त्या गावात, त्या हॉटेलात कधी उतरलात आणि अंगावर पांढरी चादर ओढलीत, तर डोळा लागण्याआधी त्या पोरीला आठवा, जिचं नाव ठेवायला कुणाला उसंत मिळाली नाही. नाव ठाऊक नाही म्हणून अडायचं नाही. तांदळाएवढं एक फूल डोळ्यांपुढे आणा, तिला पोचतं.